साभार परत : गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सर्व स्मरणिका समित्या,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी प्रसादाच्या पुडीबरोबर एका मंडळाची स्मरणिका देऊन गेल्या. चहाला उकळी येईपर्यंत चाळत बसले. आधी शुभेच्छुक, मग माजी नगरसेवक, मग बिल्डर, मग पुन्हा शुभेच्छुक, आणि छत्तिसाव्या पानावर माझी आजी.

जिन्याखाली बसलेली, पुढ्यात पितळी डब्यांची उतरंड, डोक्यावर पदर. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. १९७९ साल होतं, मी सात वर्षांची होते आणि मामा ‘हो बाजूला’ म्हणून ओरडला तरी पुरती बाजूला झाले नव्हते. फोटोखाली छापलं होतं ‘संग्रहित’. लेखाच्या शेवटी ‘संकलन’ असं लिहून एका कार्यकर्त्याचं नाव, आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात ‘साभार : इंटरनेट’.

लेख माझा. दोन वर्षांपूर्वी मी तो इंटरनेटवर टाकला होता. मथळा तेवढा बदललेला, बाकी काना-मात्रेसकट तोच. इतका तोच, की त्यात आजीच्या खानावळीत ‘बावीस’ माणसं जेवतात. हा आकडा चुकीचा आहे. लेख टाकल्यावर आठवड्याभराने मामाने डोंबिवलीहून फोन करून झापलं होतं, ‘बावीस नव्हे गं, बत्तीस. दोन पंगतींत बसायचे.’ मी त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. म्हणजे तुमच्या हाती लागलेली प्रत त्या पहिल्या आठवड्यातली. कोणी उचलली, कुठे कुठे फिरली, देव जाणे. चोरीचा माल चुकीवरून ओळखावा, हे आम्हा प्रुफं तपासणाऱ्यांना जुनं ठाऊक आहे.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण शेवटचा परिच्छेद माझा नव्हता. तिथे लिहिलं होतं की मंडळाच्या सुरुवातीच्या काळात या आजींनी कार्यकर्त्यांना कित्येक वर्षं फुकट जेवू घातलं.

फुकट! माझी आजी संगमेश्वराकडची. दहा बाय बाराच्या खोलीत तिने खानावळ चालवली. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी, उंबरठ्यावर. खाडा असेल तर आदल्या रात्री सांगायचं, सकाळी सांगितलेला खाडा ती धरत नसे. दोरीने बांधलेली लाल पुठ्ठ्याची वही असायची, त्यात एकेका मेंबरच्या नावापुढे जेवणं मांडलेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बसून राहिले, तेव्हा तिने चूल विझवली नाही, पण एका जेवणाची नोंदही चुकवली नाही. पुढे माणसं गावाकडे पांगली. तिथून कितीतरी वर्षं मनीऑर्डरी येत राहिल्या. तीस रुपये, पन्नास रुपये, खालच्या चिठोऱ्यावर ‘आता सात जेवणं राहिली’. ती वही माझ्या कपाटात आहे. काही नावांवर अजून काट मारलेली नाही. पण अख्ख्या वहीत फुकटचं जेवण एकही नाही. ‘फुकट’ म्हटल्याने आजीचा काही मोठेपणा वाढत नाही, आणि ज्यांनी भात विकून तीस रुपये पाठवले त्यांना मात्र तुम्ही फुकटे ठरवलंत.

मला एक फोन केला असतात, तर हे दोन मिनिटांत कळलं असतं.

मी मंडपात गेले. अध्यक्ष भला माणूस, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, ‘ताई, साभार लिहिलंय ना आपण.’

‘कोणाचे आभार?’

‘इंटरनेटचे.’

ते चेष्टा करत नव्हते. म्हणूनच हे पत्र एका मंडळाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि त्या मंडळाचं नाव घेत नाही. गेल्या काही वर्षांच्या पंधरा-वीस स्मरणिका घरात होत्या, त्या काढून बसले. ‘साभार : गूगल’, ‘व्हॉट्सअॅपवरून साभार’, ‘कवी अज्ञात’, ‘मूळ लेखकाचे आभार’. काहीतरी मिळालं की आभार मानायचे असतात, आणि मिळायला आधी कोणीतरी द्यावं लागतं. लोकलमध्ये पाकीट मारून खिशात ‘साभार’ची चिठ्ठी ठेवली, तर रेल्वे पोलीस त्या माणसाला सोडून देतील का?

आता माझंही सांगते. १९९४ पासून अकरा वर्षं मी गिरगावातल्या एका छापखान्यात डीटीपी करत होते. पेजमेकरमध्ये पानं, श्री-लिपीची अक्षरं, बटर पेपरवर प्रिंट, मग प्लेट. श्रावण लागला की दिवसरात्र स्मरणिका. आणि लेख कसे उचलले जातात ते मी आतून पाहिलं आहे. त्यात कोणाचा काही डाव नसतो. फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा असतो, पानं मोजून भरावी लागतात. छपाईच्या आदल्या रात्री अकरा वाजता कार्यकर्ता धापा टाकत येतो, ‘ज्वेलरची जाहिरात गळली, अर्धं पान रिकामं आहे, काहीतरी टाक गं.’ मी टाकायचे. जुन्या दिवाळी अंकातली कविता, कोणाची तरी पाककृती, आरोग्याच्या सात टिपा. कवितेला नाव द्यायला जागा उरली तर द्यायचे, नाही उरली तर चौकटीत एक मोदक काढायचे. तेव्हा निदान सगळं टाईप करावं लागे, म्हणून चोरी अर्ध्या पानाची असायची. आता चिकटवायला एक बोट पुरतं, तर चार चार पानांची होते. ज्यांच्या कविता मी मोदकाखाली घातल्या, त्यांतल्या एका बाई पुढे मला एका कार्यक्रमात भेटल्या. त्या पुस्तकावर सही करत होत्या आणि मी रांगेतून बाहेर पडले.

तर तुमची उत्तरं मला पाठ आहेत, कारण ती आधी माझीच होती. ‘नेटवर होतं’, ‘त्यावर कुठे कॉपीराइट लिहिलं होतं?’, ‘आपल्याला काय नफा आहे?’, ‘उलट तुम्हाला प्रसिद्धी मिळाली’.

गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला १८९३ ला. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, म्हणजे उत्सवापेक्षा बराच धाकटा, पण आता त्यालाही पासष्टी उलटली. तो म्हणतो, लिहून झालं की हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा. नोंदणी लागत नाही, वर्तुळातलं ‘सी’ लागत नाही, ‘सर्व हक्क सुरक्षित’ लिहावं लागत नाही. (नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल तर हक्क बहुधा मालकाचा, म्हणून वर्तमानपत्रातला लेख हवा असेल तर बातमीदाराच्या ‘घ्या की’वर थांबू नका.) फोटोचा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा. आजी माझी असली तरी तो फोटो मामाचा, आणि मी तो इंटरनेटवर टाकण्यापूर्वी मामाला विचारलं होतं. त्याने बदल्यात आमरस-पुरीचं जेवण मागितलं, ते दिलं. दर्शनाला ठेवलेली मूर्ती कोणी उचलून आपल्या मंडपात नेऊन बसवत नाही. वाचायला ठेवलेल्या लेखाचंही तेच.

नफ्याचं म्हणाल तर कायद्याने तुमच्यासारख्यांचा विचार केलेला आहे. हौशी मंडळींनी फुकट प्रेक्षकांसमोर नाटक केलं, तर सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत ध्वनिमुद्रित गाणं लावायलाही सूट आहे. दहा दिवस वाजणारा डीजे विधीत बसतो का, ते वकील बघतील. पण या सगळ्या सवलती वाजवण्या-सादर करण्याच्या आहेत, त्यांत स्मरणिका छापणं येत नाही. आणि मलपृष्ठापासून शेवटच्या पट्टीपर्यंत जाहिरातीचा दर लावलेल्या पुस्तिकेबद्दल ‘नफा नाही’ हे जरा जपून म्हणा. त्या मलपृष्ठावरच्या बिल्डरच्या लोगोची निळी छटा तीनदा बदलून, तीनदा त्याची मंजुरी घेऊन मग पान छापायला गेलं, हे मला तुमच्याच डीटीपीवाल्या पोराने सांगितलं. लोगोसाठी तीन फोन, आणि आजीसाठी एकही नाही.

‘फेअर यूज’, म्हणजे न विचारता करता येणारा रास्त वापर, हा शब्द हल्ली शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. तो अमेरिकेचा. तिथे न्यायालय चार गोष्टी तपासतं : वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, घेतलं किती, आणि मूळच्या बाजारावर परिणाम काय. आपल्या कायद्यात आहे ‘फेअर डीलिंग’, कलम ५२ मध्ये, आणि तिथे कामं नावानिशी दिली आहेत. स्वतःचा खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. आपली न्यायालयंही किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ कृतीच्या पोटावर पाय येतो का हे बघतात, पण आधी या तीनपैकी एका दारातून आत यावं लागतं. शिक्षकाला वर्गात शिकवण्यासाठी वेगळी सूट आहे, इतरही काही आहेत. दहा टक्के, दोनशे शब्द, तीस सेकंद हे जे आकडे फिरतात, ते या कलमात मी दोनदा शोधले. नाहीत.

माझ्या लेखातली चार वाक्यं घेऊन कोणी लिहिलं असतं की ही बाई आजीच्या आठवणीत वाहून जाते, खानावळवाल्या बायकांच्या कंबरेचं काय झालं ते सांगत नाही, तर मला न विचारता लिहिता आलं असतं आणि मला गप्प बसावं लागलं असतं. खरं तर तो आक्षेप बरोबरही आहे. अख्खा लेख, फोटो आणि वर जोडलेलं शेपूट, हे मात्र परीक्षण नाही आणि बातमीही नाही.

मंडळातल्या एका वकील सभासदाने तिथेच मोबाइलवर कलम ५२ मधलंच आणखी एक पोटकलम काढून दाखवलं. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख नियतकालिकाला पुन्हा छापता येतो, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. मुद्दा हुशारीचा होता. पण १९७९ चं बांगड्याचं कालवण चालू विषय कसा, हे त्यांनाही सांगता येईना. अशा माणसाला वर्गणीच्या भांडणांत घालवू नका, स्मरणिका समितीत घ्या.

शेपटाबद्दल वेगळं कलम आहे, ५७. हक्क विकून टाकला तरी कृतीवर आपलं नाव सांगण्याचा, आणि अब्रूला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्याचे तुकडे गोदामात पडले. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला.

शिक्षेचं एकदाच सांगते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ते कमी करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं म्हटलं. स्मरणिकेची पीडीएफ तुम्ही ऑनलाइन चढवता, तिच्याविरुद्ध लेखी तक्रार गेली आणि ती पटली, तर ती ठेवणाऱ्या संकेतस्थळाला छत्तीस तासांत प्रवेश बंद करून एकवीस दिवस तसा ठेवावा लागतो. मी यातलं काही केलेलं नाही. करायचा विचारही नाही. पण ज्या पोराचं नाव ‘संकलन’पुढे छापता, तो नोकरीच्या शोधात असतो, हे लक्षात असू द्या.

मग पान भरायचं कशाने? भरपूर आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, त्यानंतर मजकूर सगळ्यांचा. (पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने दहा वाढली.) लोकमान्य टिळक १९२० ला गेले. ज्यांच्या नावाने तुम्ही दरवर्षी भाषणं करता, त्यांचे ‘केसरी’तले लेख कोणाला न विचारता छापता येतात, आणि गंमत म्हणजे माझ्यासमोरच्या पंधरा-वीस स्मरणिकांत एकीतही नाहीत. बालकवी १९१८ ला गेले, गडकरी १९१९ ला, साने गुरुजी १९५० ला, सगळे मोकळे. नवीन संपादित आवृत्तीतल्या टिपा आणि प्रस्तावना मात्र उचलू नका, त्या संपादकाच्या. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विचारावं लागणार. आणि २७ फेब्रुवारीला त्यांच्या नावावर फिरणारी कविता त्यांची आहे का, हे तर आधी पुस्तकात बघावं लागणार. जुन्या मुंबईची माहिती हवी तर १९०९-१० चं मुंबई शहराचं गॅझेटियर आहे, इंग्रजीत आहे, पण मंडळातली कॉलेजची पोरं भाषांतर करतील. विकिपीडियावरचा मजकूर आणि तिथले बरेच फोटो मुक्त परवान्यावर असतात. नाव आणि परवाना दोन्ही छापायचे, नुसतं ‘साभार विकिपीडिया’ नाही.

आणि तुमच्या वाडीतली, चाळीतली, टॉवरच्या मागच्या संक्रमण शिबिरातली माणसं. पहिली मूर्ती हातगाडीवरून आणलेला एखादा म्हातारा अजून असेल. त्याच्यासमोर मोबाइल ठेवा, बोलू द्या, उतरवून काढा, छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवा. हे जुलैत करून ठेवलंत, तर जाहिरात गळलेल्या रात्री हाताशी असतं.

तरीही इंटरनेटवरचंच काही आवडलं, तर विचारा. तुम्हाला परवानग्या काढायला मी काय शिकवणार? मंडपासाठी पालिका, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल, सगळीकडे तुम्ही फायली घेऊन उभे असता. इथे एक ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपचा संदेश पुरतो : कोणता लेख, कुठे छापणार, प्रती किती, पीडीएफ ऑनलाइन जाणार का, नाव कसं छापायचं, काही कापणार किंवा घालणार का, मानधन देणार की नाही. होकार लेखी घ्या आणि जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा, ‘दोन निळ्या टिका आल्या होत्या’ हे चालत नाही. पुष्कळ लोक पैसे मागत नाहीत. मी दोन प्रती आणि बत्तिसाचा आकडा मागितला असता.

त्या मंडळाकडून मला भरपाई नको आहे. पुढच्या स्मरणिकेत एक शुद्धिपत्रक हवं आहे. मजकूर मीच देते, कारण रात्री अकराला तुम्हाला तो सुचायचा नाही :

‘गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत पान ३६ वरील लेख व छायाचित्र लेखिका आणि छायाचित्रकार यांच्या परवानगीविना छापले गेले. लेखातील शेवटचा परिच्छेद मूळ लेखात नाही. खानावळीत बावीस नव्हे, बत्तीस जण जेवत. आजी कोणालाही फुकट जेवण देत नसत आणि कोणी मागतही नसे.’

हा मजकूर छापायला माझी लेखी परवानगी आहे, प्रती कितीही काढा. हे पत्रही कोणाला छापायचं असेल तर छापा : पूर्ण, मध्ये काही न घालता. खाली ‘साभार’ लिहिलंत तरी चालेल.

आपली,
खानावळवालीची नात,
परळ, मुंबई

ता. क. : फोटो वापरायचा असेल तर मामाला विचारावं लागेल. आमरसाचा हंगाम बघून फोन करा.